समीकरण एका ओळीत

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात पदार्थविज्ञानाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा रेणूंविषयीचा लेख आम्ही छापला. संपादक मंडळात आम्ही दोघे मराठीचे, आणि मुद्रितशोधन परंपरेनेच आमच्याकडे आलेले. लेखातील ऱ्हस्वदीर्घ आम्ही निगुतीने तपासले. 'आणि'च्या आधीचे अनावश्यक स्वल्पविराम काढले. एका पानावर 'अणु' आणि दुसऱ्या पानावर 'अणू' असे लेखन झाले होते, ते एकसारखे केले. अंक छापून आला तेव्हा त्यात पुढील विधान होते : अठरा ग्रॅम पाण्यात ६.०२२ × १०२३ इतके रेणू असतात.

लेखकाने अर्थातच तसे लिहिले नव्हते. त्यांच्या हस्तलिखितात २३ हा आकडा दहाच्या खांद्यावर, लहान अक्षरात बसलेला होता. दहाचा तेविसावा घात. मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवताना तो आकडा खांद्यावरून घसरला आणि दहाच्या शेजारी येऊन उभा राहिला. गुणाकार करून पाहिल्यास आमच्या अंकाप्रमाणे अठरा ग्रॅम पाण्यात जेमतेम सहा हजार एकशे साठ रेणू निघतात. विश्वातील पाणी आम्ही एका रात्रीत आटवले होते म्हणा ना!

सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये एक अक्षरही काढले नाही. आमच्या खणात त्यांनी अंकाची एक प्रत ठेवली आणि तिच्यावर तांबड्या शाईने सात खुणा केल्या होत्या. त्या सातांपैकी एकही खूण शुद्धलेखनाची नव्हती. सातही ठिकाणी शब्द, आकडे, चिन्हे सारे जागच्या जागी होते. म्हणजे एकही अक्षर गळलेले नव्हते की वाढलेले नव्हते. बिघडली होती ती फक्त मांडणी. एका ठिकाणी वर १, मध्ये आडवी रेघ आणि खाली २क्ष असा दुमजली अपूर्णांक होता. जागा वाचावी म्हणून आम्ही तो १/२ क्ष असा एका ओळीत आणला. क्ष ची किंमत ४ घेतली तर लेखकाचे उत्तर एक अष्टमांश येते, आमचे २. आणखी एका ठिकाणी वर्गमूळाच्या चिन्हाची वरची आडवी रेघ ९ + १६ या साऱ्या बेरजेवरून गेली होती. छापताना ती नऊवरच संपली. लेखकाचे उत्तर ५, आमचे १९.

आम्हाला लाज वाटली ती चुकांची नाही. चुका छापखान्यात होतातच. लाज वाटली ती याची, की हे प्रूफ आम्ही तीनदा वाचले होते आणि तिन्ही वेळा समीकरण आले की आमचे डोळे त्यावरून उडी मारून पुढच्या 'म्हणून'वर टेकले होते. वाचकाने आपल्यापुरते असे करावे, पण मुद्रितशोधकाने? आणि तेही आम्ही, ज्यांचा अर्धा पगार ओळ कुठे तुटते हे विद्यार्थ्यांना दाखवण्याबद्दल मिळतो?

ही गोष्ट आम्ही गेली काही वर्षे मनात घोळवत आहोत. आमचे मत थोडक्यात असे, की समीकरणाची मांडणी हा त्याचा पोशाख नसून त्याचे व्याकरण आहे, आणि ते सांभाळणे हे भाषेच्या माणसाचे काम आहे.

जुन्या पोथ्यांत ओवी सलग लिहिलेली असते. चरण संपला म्हणून लेखनिक नवी ओळ घेत नाही. कागद संपेपर्यंत तो लिहीत जातो, मध्ये दंड देतो, कधी देतही नाही. तरी ओवी बिघडत नाही. पहिल्या तीन चरणांचे यमक कानाला सांगते की येथे थांबा, आणि आखूड चौथा चरण सांगतो की आता संपले. ओवीची रचना तिच्या नादातच बांधलेली असल्यामुळे ती कागदावर कशीही पसरली तरी चालते. मुक्तछंदाचे तसे नाही. अरुण कोलटकरांच्या कवितेची ओळ छापताना भलत्या जागी तुटली तर आपण संपादकाला पत्र लिहितो, कारण तेथे ओळीचा शेवट हाच श्वासाचा शेवट असतो आणि तो सांगायला दुसरे काही नसते. समीकरण या बाबतीत मुक्तछंदाच्या जातीचे आहे. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, रेघ कुठवर गेली, आकडा किती उचललेला आहे, यांतच त्याचा अन्वय असतो. ते सपाट करायचे झाले तर गेलेल्या अन्वयाच्या जागी काहीतरी ठेवावे लागते. ते काहीतरी म्हणजे कंस. १/(२क्ष) असे लिहिले असते तर आमची लाज राखली गेली असती. कंस हे सपाट केलेल्या समीकरणाचे यमक आहे, असे आम्ही आता वर्गात सांगतो. गणिताच्या सहकाऱ्यांना ही उपमा फारशी रुचलेली नाही.

समीकरणाला एका ओळीत बसवण्याची ही ओढ संगणकाने आणली असे कोणी समजू नये. ती छापखान्याइतकी जुनी आहे. खिळे ओळीत जुळवायचे असतात. दुमजली अपूर्णांक आला की जुळाऱ्याला ओळ फोडावी लागते, वरखाली पट्ट्या घालाव्या लागतात, वेळ जातो आणि पैसाही. देकार्तने १६३७ मध्ये घातांक वर उचलून लिहिण्याची आजची पद्धत रुळवली, तरी वर्गासाठी तो पुष्कळदा अक्षर दोनदाच लिहीत असे. दोन अक्षरे शेजारी जुळवणे सोपे. १७०८ मध्ये लाइपझिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम' या नियतकालिकाने जाहीर केले, की यापुढे लाइबनिझची चिन्हे वापरली जातील. पदावलीवरून ओढायच्या रेघेऐवजी कंस येतील, कारण रेघ जुळवायला त्रासाची. म्हणजे आपण शाळेत ज्या कंसांशी झगडलो, त्यांच्या प्रसारामागे जुळाऱ्याच्या पाठदुखीचाही हात आहे.

अपूर्णांकाची तिरकी रेघही अशीच आली. ऑगस्टस डी मॉर्गनने १८४० च्या दशकात ती सुचवली आणि १८८० मध्ये स्टोक्सने आपल्या शोधनिबंधांच्या पहिल्या खंडात ती वापरून दाखवली, म्हणजे वाक्याच्या पोटात अपूर्णांक आला तरी ओळ फाटू नये. (डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्या मदुराईत जन्मला. दिल्लीचे गणिताचे अध्यापक रामचंद्र यांचा ग्रंथ १८५९ मध्ये लंडनला प्रसिद्ध व्हावा म्हणून त्याने खटपट केली आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. हा माणूस मराठीत कोणी नीट लिहावा असा आहे. असो.) तिरकी रेघ सोयीची खरी, पण तिची एक अट होती : तिच्यासोबत कंस सांभाळायचे. आम्ही रेघ घेतली आणि अट विसरलो.

आपल्याकडची परंपरा पाहिली तर मांडणीचे हे महत्त्व अधिकच लख्ख दिसते. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावी सापडलेले आणि आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेले भूर्जपत्रांचे हस्तलिखित घ्या. त्यात अपूर्णांकाचे अंश आणि छेद एकाखाली एक आहेत, पण मधली रेघ नाही. नुसते खाली असणे पुरेसे आहे. त्यातच आजच्या अधिकाच्या चिन्हासारखी फुली ऋण संख्येसाठी येते, म्हणजे चिन्हाचा अर्थही रूढीनेच ठरतो. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील बीजगणिताच्या परंपरेत अव्यक्त राशीला यावत्तावत् म्हणत आणि तिचे पहिले अक्षर 'या' लिहीत. व्यक्त संख्येपुढे 'रू', म्हणजे रूप. एकाहून अधिक अव्यक्ते आली की कालक, नीलक असे रंग. ऋण दाखवायला आकड्यावर एक बिंदू. आज आपण जे ५क्ष + ८ = २८ असे लिहू, ते या पद्धतीत असे मांडले जाई :

या ५ रू ८
या ० रू २८

येथे समतेचे चिन्ह कुठे आहे? ते नाही. दोन पक्ष एकाखाली एक ठेवले, हीच समता. दुसऱ्या पक्षात 'या' नाही, तरी त्याची जागा शून्याने राखलेली आहे, म्हणजे सजातीय पदे एका रकान्यात येतात. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये 'समान आहे' हे शब्द पुन्हापुन्हा लिहिण्याचा कंटाळा येऊन दोन समांतर रेघा काढल्या. आपल्या गणितींना त्यांची गरज पडली नाही, कारण त्यांचे वाक्य दोन मजली होते. हेच वाक्य सलग एका ओळीत छापले, तर आकडे चुकत नाहीत पण समताच नाहीशी होते. आणि आकड्यावरचा तो बिंदू लेखनिकाच्या हातून सुटला, तर ऋणाचे धन होऊन बसते. मराठीच्या पाठचिकित्सेत आपण अनुस्वार सुटल्याने अर्थ बदलला म्हणून टिपणे लिहितो. हा बिंदू त्याचाच भाऊबंद आहे.

देवनागरीची म्हणून काही दुखणी आहेत, त्यांविषयी मात्र बाहेरचा कोणी बोलणार नाही; आपणच बोलले पाहिजे. आपल्या अक्षराच्या डोक्यावर आधीच गर्दी आहे. शिरोरेघा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. क आणि ख यांच्या बेरजेवरून वर्गमूळाची रेघ ओढली, की लहान टाइपात शिरोरेघा आणि ती एकमेकींत मिसळतात आणि रेघ कुठवर गेली ते भिंगातून पाहावे लागते. दुसरे दुखणे संयोगचिन्हाचे. मराठीत २-३ म्हणजे 'दोन-तीन', थोडेसे, अंदाजे. गणितात दोन उणे तीन म्हणजे उणे एक. मुद्रितात उणेची रेघ संयोगचिन्हाहून लांब हवी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी; आपल्या बहुतेक छापील मजकुरात दोन्हींसाठी एकच आखूड रेघ असते. वाचकाने 'दोन-तीन' वाचायचे की 'दोन उणे तीन', हे त्याच्या नशिबावर.

तिसरी गोष्ट आम्हाला कळली तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. युनिकोडमध्ये रोमन परंपरेच्या आकड्यांना घातांकासाठी उचललेली स्वतंत्र रूपे आहेत. देवनागरी आकड्यांना घातांकासाठी तशी रूपे नाहीत, म्हणून या लेखात आम्हाला दहाचा तेविसावा घात १०^२३ असा, मध्ये टोपीसारखे चिन्ह घालून लिहावा लागेल. पण अक्षराच्या वर बसणारे देवनागरी आकडे युनिकोडमध्ये मुळीच नाहीत असेही नाही. २००९ मध्ये शून्य ते नऊ असे दहाही आकडे तेथे आले. ते आले सामवेदासाठी. सामगानात अक्षरावर लिहिलेला आकडा गाणाऱ्याला स्वर सांगतो. आपल्या लिपीत आकडा खांद्यावर घेण्याची सोय झाली ती गाण्याकरिता झाली, गुणाकाराकरिता नाही. यात तक्रार करण्यासारखे आहे की आनंद मानण्यासारखे, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

आता उपायाकडे. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. १९७७ मध्ये त्याच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे त्याच्या हाती आली. पहिली आवृत्ती जुन्या पद्धतीने, शिशाच्या खिळ्यांनी छापलेली होती. ही नव्या फोटो-जुळणीची. तिचे रूप पाहून तो इतका खट्टू झाला, की हातातले लेखन बाजूला ठेवून तो जुळणीची स्वतःची प्रणालीच रचायला बसला. काही महिन्यांत संपेल वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. तिचे नाव ग्रीक अक्षरांत, उच्चार साधारण 'टेक'. कला आणि कौशल्य या दोन्ही अर्थांच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले. प्रूफ आवडले नाही म्हणून दहा वर्षे देणारा लेखक! आम्ही तीनदा वाचूनही काही न दिसलेले संपादक.

या प्रणालीचे, आणि लेस्ली लॅम्पोर्टने १९८० च्या दशकात तिच्यावर उभारलेल्या 'लाटेक'चे मर्म असे, की लेखक समीकरणाचे चित्र काढत नाही, त्याचे वर्णन करतो. अपूर्णांक हवा असेल तर तो 'अपूर्णांक' अशा अर्थाची आज्ञा लिहितो आणि पुढे दोन महिरपी कंसांत आधी अंश, मग छेद देतो. वर्गमूळ हवे तर तशी आज्ञा, आणि महिरपी कंसात तेवढेच, जेवढ्यावरून रेघ जायची आहे. वाक्यरचना लेखकाची, बैठक यंत्राची. रेघ नऊवर संपावी की सोळावर, हा प्रश्न छापखान्यात पोचतच नाही. देवनागरीही या प्रणालीत उशिरा आली नाही. फ्रान्स फेल्थाउस यांनी १९९१ मध्येच नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनहून तिची सोय करून दिली. म्हणजे आम्ही समीकरणे घसरवत होतो तेव्हा साधन हजर होते. आम्हाला ते माहीत नव्हते आणि विचारावेसेही वाटले नव्हते.

अलीकडे संपादक दुसरीच युक्ती करतात. समीकरणाचे छायाचित्र काढायचे आणि मजकुरात चिकटवायचे. काही घसरत नाही, काही तुटत नाही. आम्हीही पुढच्या अंकात हेच केले आणि स्वतःवर खूश झालो. मग आमच्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीने तो अंक संगणकाकडून वाचून घेतला. मजकूर सुरळीत चालला होता. समीकरण आले की आवाज 'चित्र' एवढेच म्हणे आणि पुढे जाई. तिने आम्हाला विचारले, "सर, या लेखात इतकी चित्रे कशाची आहेत?"

टी. व्ही. रमण हे नाव आम्हाला त्यानंतर कळले. पुण्यात जन्मलेले, पुणे विद्यापीठात गणित शिकलेले, पुढे मुंबईच्या आयआयटीत आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेलेले हे संशोधक वयाच्या चौदाव्या वर्षी दृष्टी गमावून बसले. १९९४ मधील त्यांचा पीएच.डी. प्रबंध म्हणजे लाटेकमध्ये लिहिलेली समीकरणे बोलून दाखवणारी प्रणाली. तिचे 'अॅस्टर' हे नाव त्यांच्या वाटाड्या कुत्रीचेही नाव होते. ही प्रणाली शक्य झाली ती त्या वर्णनामुळेच : अंश कुठे संपतो आणि छेद कुठे सुरू होतो, हे मजकुरातच लिहिलेले असल्यावर ते डोळ्यांना दाखवता येते तसे कानांनाही. रमण यांनी नुसते शब्द उच्चारले नाहीत. घातांक आला की आवाजाची पट्टी वर चढते. आकडा खांद्यावर आहे हे कानाला अशा रीतीने कळते. सामवेदाच्या त्या आकड्यांची येथे आम्हाला आठवण झाली नसती तरच नवल. दोन्हींचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध काहीही नाही, हे सांगून ठेवतो; नाहीतर उद्या कोणी वैदिक घातांकावर प्रबंध लिहील.

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्यांना समीकरणाचे हे श्राव्य रूप नवे नाही. आमच्या गणिताच्या बाई फळ्याकडे तोंड करून म्हणत, "कंसात अ अधिक ब, कंस पूर्ण, चा वर्ग." 'कंस पूर्ण' हे दोन शब्द त्या कधी गाळत नसत. अपूर्णांक 'अमुक छेद तमुक' असा वाचला जाई, आणि छेद लांब असला की त्या 'छेदस्थानी' म्हणून क्षणभर थांबत. तो थांबा म्हणजेच आडवी रेघ. ही तोंडी परंपरा कोणी लिहून ठेवली आहे असे आमच्या पाहण्यात नाही, आणि इंग्रजी माध्यमाकडे व सेमी-इंग्रजीकडे मुले वळत असताना ती किती वर्षे ऐकू येईल, याची आम्हाला धास्ती आहे.

येथे आमचा मूळ आग्रह. महाविद्यालयांत व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकांत मुद्रितशोधन शिकवले जाते. खुणा शिकवल्या जातात, शुद्धलेखनाचे नियम घोटून घेतले जातात. त्यात समीकरण येत नाही. का, असे विचारले की उत्तर ठरलेले : ते विज्ञानवाल्यांचे काम. पण मराठीतले विज्ञानलेखन शेवटी मराठीच्याच पदवीधरांच्या टेबलावरून छापखान्यात जाते, आणि त्यातला वाचक बहुधा असा असतो ज्याच्यापाशी पडताळायला दुसरे पुस्तक नसते. गावातल्या वाचनालयात आमचा अंक वाचणाऱ्या मुलाने ६.०२२ × १०२३ हे पाठ केले असेल, तर ती चूक विज्ञानवाल्यांची नाही. २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असे वाचन आले, तेव्हा आम्ही मराठीचे लोक तावातावाने लिहीत होतो, बोलत होतो. संख्येच्या नावावर आपला हक्क आहे असे आपल्याला वाटते. तिच्या मांडणीविषयी आपण एक शब्द काढत नाही.

मुद्रितशोधकाने गणित सोडवावे असे आमचे म्हणणे नाही. बंदिश गाता न येणाराही सम चुकली हे ओळखू शकतो. हस्तलिखितात आकडा उचललेला आहे का, रेघ कुठवर आहे, उघडलेला कंस मिटला का, ओळ तुटली तर चिन्हापाशी तुटली की पदाच्या मधोमध, इतके पाहायला बीजगणित लागत नाही. कविता वाचणारा डोळा पुरतो. शंका आली तर लेखकाला विचारावे. आम्ही विचारले नव्हते.

गेल्या अंकाच्या वेळी त्याच सहकाऱ्यांनी, आता ते निवृत्त आहेत, पुन्हा लेख दिला. या वेळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. जुन्या छापखान्यांत करत तसे केले : ते हस्तलिखितातून मोठ्याने वाचत होते आणि आम्ही प्रुफावर बोट ठेवून चाललो होतो. दहाचा तेविसावा घात त्यांनी जरा जास्तच ठासून उच्चारला. आम्ही हसलो नाही. तिसऱ्या पानावर एक लांब पदावली आली. ते वाचत गेले, श्वास घेतला आणि पुढच्या वाक्याकडे वळले.

"सर, कंस पूर्ण म्हणायचे राहिले," आमच्यापैकी एकाने म्हटले.

त्यांनी चष्मा वर सरकवून कागद जवळ घेतला. हस्तलिखितात तो कंस मुळातच नव्हता. त्यांनी खिशातले पेन काढले आणि तो घातला.